अस्तरात शिवलेला सलाम



रविवारी गुंजवण्यात पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींची गर्दी असते. थंडीच्या दिवसांत पहाटे राजगड चढायला निघालेल्या तरुणांपैकी चार-सहा जणांच्या अंगावर हमखास तपकिरी 'बॉम्बर' जाकीट दिसते. छातीवर वाघाचे नाहीतर कवटीचे चित्र, बाहीवर परदेशी झेंडा, पाठीवर इंग्रजी अक्षरे. सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, हे सगळे एकाच पलटणीतले आहेत का?"

प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नव्हता. ही जाकिटे ज्यांची नक्कल आहेत ती मूळ जाकिटे खरोखरच पलटणीची ओळख होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचे वैमानिक ती वापरत. आज ती गोळा करणारे हौशी संग्राहक जगभर आहेत. एका अस्सल जाकिटासाठी हजारो डॉलर मोजले जातात. आपल्या घरातल्या मुलांनाही आता असले जाकीट हवे असते, म्हणून या महिन्यात त्याचीच माहिती घेऊ. या जाकिटाच्या गोष्टीत बकऱ्याचे कातडे आहे, उर्दू आहे आणि आपल्या घरातली पत्र्याची ट्रंकही आहे.

बकऱ्याचे कातडे, समुद्राची हवा

उंचीवर थंडी वाजते हे राजगड चढणाऱ्याला सांगायला नको. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. गड सुमारे 1,400 मीटर उंच आहे. विमान तीन-चार हजार मीटरवर जायचे आणि त्या काळच्या लढाऊ विमानांत उबेची सोय जेमतेमच असायची. म्हणून वैमानिकाला चामड्याचे जाकीट देत.

अमेरिकेच्या भूदलाच्या हवाई शाखेचे जाकीट 'ए-2' नावाने ओळखले जाई. ते 1931 मध्ये ठरले आणि बहुधा घोड्याच्या कातड्याचे असे. नौदलाने 1940 च्या सुमारास आपले वेगळे जाकीट ठरवले. त्याचे सरकारी नाव 'एम-422 ए' होते. पुढे 1947 मध्ये त्यालाच 'जी-1' हे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. हे जाकीट बकऱ्याच्या कातड्याचे असे. बकऱ्याचे कातडे पातळ असूनही चिवट असते, आणि त्याचा खडबडीत दाणा वर्षानुवर्षे टिकतो. कॉलरला मेंढीची लोकर, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी, आणि पाठीवर दोन्ही खांद्यांमागे एकेक चुणी. अरुंद बैठकीत बसलेल्या वैमानिकाने हात पुढे ताणले की चुणी उघडे आणि शिवण उसवत नसे. ज्या शिंप्याने ही युक्ती काढली त्याला माणसाचे शरीर कळत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका भारतातून बकऱ्यांची कातडी मोठ्या प्रमाणावर मागवत असे. मद्रासकडची कातडी त्या बाजारात नावाजलेली होती. आज बकरी ईदनंतर मदरशांना दिलेल्या कातड्यांना भाव मिळत नाही, काही ठिकाणी तर ती उचलायलाही कोणी येत नाही. तेव्हा हा जुना व्यापार आठवावासा वाटतो. कुर्बानीच्या कातड्याची किंमत आपल्याला स्वतःसाठी ठेवता येत नाही, ती गरजूंचा हक्क आहे. भाव पडला म्हणजे आपला नव्हे, त्यांचा तोटा झाला.

जाकीट विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगते. दबागत केलेले, म्हणजे कमावलेले कातडे पाक होते, पण डुकराचे नाही. स्वस्त जाकिटांत आणि बुटांच्या आतल्या बाजूला डुकराचे कातडे वापरलेले असू शकते. ओळखायचे कसे? कातडे उजेडात नीट पाहा. केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांत, त्रिकोणासारखी दिसली, तर ते डुकराचे आहे. दुकानदाराला विचारायला संकोच करू नये.

चित्रे कशासाठी?

रंगवलेल्या जाकिटांची खरी हौस भूदलाच्या हवाई शाखेला होती. 'ए-2'च्या पाठीवर विमानाचे नाव, एखादे चित्र आणि खाली ओळीने छोटे छोटे बॉम्ब रंगवलेले असत. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. आसाममधून हिमालय ओलांडून चीनला सामान नेणाऱ्या आणि बंगालमधून उडणाऱ्या तुकड्यांत विमानावर उंट रंगवायची पद्धत होती. डोंगराची एक फेरी झाली की एक उंट.

नौदलाचे वैमानिक त्या मानाने संयमी. ते पाठ कोरी ठेवून बहुधा छातीवर आपल्या तुकडीचे बोधचिन्ह लावत. गोल चामड्याच्या तुकड्यावर हाताने रंगवलेले चित्र, आणि डाव्या बाजूला चामड्याचीच नावाची पट्टी, तिच्यावर सोनेरी पंख. ही चिन्हे काढून देण्याचे काम वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनेही केले. युद्धकाळात त्यांनी बाराशेहून अधिक बोधचिन्हे तयार केली. चीनच्या मदतीला गेलेल्या 'फ्लाइंग टायगर्स' या तुकडीचा पंखवाला वाघही त्यांचाच. त्या तुकडीतले बरेच वैमानिक मुळात नौदलातून आले होते आणि त्यांनी सराव केला तो आपल्या शेजारच्या बर्मात.

यातली काही चित्रे उघड्यावाघड्या स्त्रियांची आहेत, काही कवट्यांची. जानदाराचे चित्र असलेल्या कपड्यात नमाज मकरूह मानली जाते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण मला त्याहून जास्त विचार करायला लावतात ते ओळीने काढलेले छोटे बॉम्ब. ते रंगवणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्याच्यासाठी प्रत्येक बॉम्ब म्हणजे 'आज मी जिवंत परत आलो' याची खूण. खाली ज्यांच्या घरावर तो पडला त्यांची खूण कोणत्याही जाकिटावर नाही. हे जाकीट पाहताना दोन्ही गोष्टी एकदम आठवाव्या लागतात. मुलांना ती दाखवताना तर नक्कीच.

अस्तरातला कागद

आता त्या उर्दूकडे वळू.

विमान पडले आणि वैमानिक परक्या मुलखात जिवंत उतरला तर त्याची भाषा कोणाला कळणार? म्हणून त्याच्याजवळ स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी देत. 'फ्लाइंग टायगर्स'च्या जाकिटाच्या पाठीवर चीनचा झेंडा आणि त्याखाली चिनी मजकूर शिवलेला असे. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आला आहे, त्याला सांभाळा, असा त्याचा आशय. पुढे अशा चिठ्ठ्या अस्तराच्या आत शिवल्या जाऊ लागल्या, म्हणजे शत्रूला दिसणार नाहीत. भारतात तैनात असलेल्या अमेरिकन वैमानिकांसाठी आपल्याकडच्या कारागिरांनी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून असे झेंडे आणि बिल्ले शिवून दिले. आज संग्राहक या भारतीय बनावटीच्या बिल्ल्यांना मुद्दाम शोधतात. कारागिरांची नावे मात्र त्यांवर नाहीत.

ही पद्धत त्याआधीची, ब्रिटिशांची. पहिल्या महायुद्धानंतर इराकवर आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर उडणाऱ्या वैमानिकांच्या खिशात उर्दू, पश्तो, फारसी, अरबी अशा भाषांतली चिठ्ठी असे. या माणसाला इजा न करता जवळच्या चौकीवर पोहोचवा, बक्षीस मिळेल, असा मजकूर. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दिलेली अरबी चिठ्ठी तर सलामाने सुरू होते आणि अल्लाहच्या रहमतीच्या दुआने संपते. सोबत वैमानिकाला इंग्रजीत सूचना असत: अरबांच्या तंबूत जाताना पादत्राणे काढ, त्यांच्या स्त्रियांकडे पाहू नकोस, तहान लागली तर दिलेले पाणी पी, पण त्यांच्या साठ्यातून आपली बाटली भरू नकोस, विहिरीवर जा.

वाचताना बरे वाटते, कारण हा आपल्याच घरातला अदब आहे. पण इतिहासाचे पुढचे पानही उलटायला हवे. 1925 च्या मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटिशांनी वझिरिस्तानातल्या टोळ्यांविरुद्ध केवळ विमानांच्या जोरावर मोहीम चालवली. डोंगरातल्या वस्त्यांवर बॉम्ब टाकले. सरहद्दीच्या आकाशात ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते, त्यांच्याच भाषेतली चिठ्ठी वैमानिकाच्या खिशात होती. वरून बॉम्ब आणि खाली पडल्यावर विनंती. ज्यांना रानटी म्हणून हिणवले त्यांच्याच मेहमाननवाजीवर जीव सोपवायचा! संकटात सापडलेल्या परक्याला पाणी द्यायचे, ही तालीम त्या डोंगरी लोकांना कोणत्याही सरकारी चिठ्ठीने दिलेली नव्हती.

वर्गात मी युद्ध शिकवते तेव्हा सनावळीबरोबर ही चिठ्ठीही सांगते. मुलांना ती सनांपेक्षा जास्त लक्षात राहते.

अस्सल आणि नक्कल

जिथे पैसा आला तिथे फसवणूक आली. 1986 मध्ये 'टॉप गन' हा चित्रपट आला, नायकाच्या अंगावर बिल्ल्यांनी भरलेले 'जी-1' होते, आणि या जाकिटाची मागणी जगभर वाढली. मग जुन्या जाकिटावर नवे चित्र रंगवून ते युद्धातले म्हणून विकण्याचे प्रकारही वाढले. जाणकार संग्राहक काय पाहतात?

पहिली गोष्ट लेबल. सरकारी कंत्राटाचा क्रमांक, कंपनीचे नाव आणि शिलाईची पद्धत यांचा मेळ बसला पाहिजे. दुसरी गोष्ट चेन आणि धागा. त्या काळच्या धातूच्या चेनवर ठरावीक कंपन्यांची नावे असत. पॉलिस्टरचा धागा युद्धानंतर बाजारात आला, म्हणून बिल्ला पॉलिस्टरने शिवलेला असेल तर तो नंतर लावलेला आहे. अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीखाली आजचे बरेच धागे निळसर चमकतात, जुना सुती धागा सहसा चमकत नाही. तिसरी गोष्ट रंगाच्या भेगा. कोपराला, खांद्याला चामडे दुमडते तिथे जुना रंगही चामड्याबरोबर तडकतो. चामड्याला भेग आहे आणि रंग मात्र त्या भेगेत उतरून बसला आहे, असे दिसले तर चित्र ताजे. चौथी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वस्तूचा माग. जाकीट कोणाचे, कोणाकडून कोणाकडे आले, त्या माणसाचा फोटो, पत्र, सेवेचा कागद आहे का?

हे चारही मुद्दे आपल्याकडच्या बाजारालाही लागू पडतात. मुंबईचा शुक्रवारचा चोर बाजार घ्या किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार घ्या. या धंद्यात आपल्या समाजाचे कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्याकडे केवळ चांगुलपणा नाही, ते बंधन आहे. नवीन वस्तूला चहाच्या पाण्यात बुडवून 'नवाबी' म्हणून विकणाऱ्याने कमावलेला रुपया हलाल कसा होईल? आणि घेणाऱ्यानेही इस्राफाचा विचार करावा. शौक आणि हव्यास यांत फरक आहे. संग्रह करणारा वस्तू वाचवतो, हव्यासी माणूस ती फक्त बळकावतो.

पुण्यातच शौकाचे सुंदर उदाहरण आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे असा वीस हजारांच्या वर वस्तूंचा संग्रह केला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले आणि पुढे सगळे सरकारच्या हवाली केले. आपल्यासाठी काही ठेवून घेतले नाही. गुंजवण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते संग्रहालय आहे. मुलांना जरूर दाखवा.

आपले वैमानिक

आपल्या नौदलाच्या वैमानिकांची गोष्ट फार लांबची नाही. 'विक्रांत' ही पहिली विमानवाहू नौका 1961 मध्ये ताफ्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचली. तिच्यावरच्या सी हॉक विमानांच्या तुकडीचे चिन्ह पांढरा वाघ. 4 डिसेंबर 1971 रोजी याच विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. 1997 मध्ये नौका निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये दारूखान्यात तोडण्यात आली. तिच्या पोलादातून 2016 मध्ये एका कंपनीने मोटारसायकली काढल्या. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते 1998 मध्ये सुरू झाले. सी हॉक, अलिझे अशी जुनी विमाने तिथे मोकळ्या आवारात जवळून पाहता येतात. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्राबरोबर तिथेही एक तास द्यावा.

आणि एक नाव आपल्या मुलांना पाठ असावे: एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचे. दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर उडालेले. फाळणीच्या वेळी त्यांनी भारतात राहणे निवडले, 1978 ते 1981 हवाई दलाचे प्रमुख होते आणि 1982 पासून तीन वर्षे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. शाळेत वीरांची नावे विचारली की आपली मुले टिपू सुलतानानंतर थेट अब्दुल हमीदांवर येतात आणि तिथे थांबतात. यादी बरीच मोठी आहे. सांगणारे कमी पडतात.

आपल्या ट्रंकेत काय आहे?

अमेरिकेतल्या कित्येक जाकिटांचा शेवट असा झाला की म्हातारा वारला, मुलांनी घर रिकामे केले आणि जाकीट कपड्यांच्या ढिगात गेले. नाव असलेली पट्टी कोणीतरी उसवून टाकली. संग्राहक म्हणतात, नाव गेले की निम्मी किंमत गेली. मी म्हणेन, नाव गेले की माणूसच गेला.

आपल्याकडे हेच घडते आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या आपल्या कितीतरी घरांतले आजे-पणजे जहाजांवर, लष्करात, गोदीत होते. त्यांचा कोट, बिल्ला, पदक, नोकरीचे पुस्तक कुठल्यातरी ट्रंकेत आहे. सोबत पत्रे आहेत, आणि ती पुष्कळदा उर्दूत आहेत. ब्रिटिश फौजेत उर्दू हीच सगळ्यांची समान भाषा होती. फौजी पुस्तके तर रोमन लिपीतल्या उर्दूत छापली जात. आज घरात उर्दू वाचणारी शेवटची व्यक्ती बहुधा आजीच असते. ती गेली की ते कागद 'काहीतरी अरबी आहे' म्हणून आधी जपले जातात, मग कपाटावर जातात, मग ओल लागते आणि शेवटी एखाद्या पावसाळ्यानंतर टाकून दिले जातात. कुरआनच्या आयती समजून ज्यांना हात लावत नाहीत तो कधीकधी आजोबांचा पगाराचा हिशेब असतो, आणि रद्दी समजून फेकतात ते त्यांनी आजीला लिहिलेले पत्र असते.

म्हणून काही साध्या गोष्टी करा:

ट्रंक उघडा, पण पावसाळा पूर्ण संपल्यावर, कोरड्या दिवशी. वेल्हे-भोरच्या पावसात चामड्याला बुरशी धरायला आठ दिवस पुरतात. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत वारा द्या आणि मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका.

चामड्याला खोबरेल तेल लावू नका. ते आत मुरते, चामडे काळवंडते आणि धूळ धरते. उन्हातही वाळवू नका, तडकते.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते. जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा. घडी घालायचीच असेल तर घडीत सुती कापडाची गुंडाळी ठेवा. तारेच्या हँगरवर टांगू नका, खांदे फाटतात.

डांबरगोळी ठेवायची तर कापडात बांधून दूर ठेवा, वस्तूला टेकवू नका.

कागद उलगडताना घाई नको. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला दाखवा. आमच्या पेशातले लोक अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वस्तू हातात देऊन बोलते करा आणि आवाज रेकॉर्ड करा. 'दादाजी, सांगा ना' असे म्हटल्यावर जे आठवत नाही ते कोटाची गुंडी हातात आल्यावर आठवते.

शेवटी एका कागदावर लिहा: ही वस्तू कोणाची, कुठून आली, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला. तो कागद वस्तूबरोबर ठेवा.

कायद्याचेही थोडे ध्यानात ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित 'पुरावस्तू' ठरू शकते. ती देशाबाहेर विकता येत नाही. फोनवर चांगली किंमत सांगणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या हाती आजोबांची चीज देण्यापूर्वी चार वेळा विचार करा. गरज असेल तर विकणे गुन्हा नाही. पण विकण्याआधी फोटो, नाव आणि गोष्ट आपल्याकडे ठेवून घ्या, आणि वारसा सगळ्या भावंडांचा असेल तर बहिणींनाही विचारा. वारशात त्यांचा हक्क ठरलेला आहे, तो कोटालाही लागू होतो.

आणि मुलाने चित्रांचे जाकीट मागितले तर? थंडीसाठी घ्या. चित्र कमी, चामडे चांगले, किंमत ऐपतीतली. त्याला सांगा की बिल्ला ही कमावण्याची गोष्ट आहे, विकत घेण्याची नाही. मूळ बिल्ला ज्याच्या छातीवर होता त्याने त्यासाठी रोज जीव पणाला लावला होता. आणि त्याच्या अस्तरात एक विनंतीही शिवलेली होती, अनोळखी माणसांच्या चांगुलपणावर विसंबलेली.

तशी विनंती घेऊन कोणी आपल्या दारात आले, तर ओळखीचा नाही म्हणून त्याला परत पाठवणारे आपण नसावे. अल्लाह आपल्या घरांना ती बरकत देवो. आमीन.